मंदिराच्या वाटेवरील स्त्री : एका प्रतीकाची घडण

भारतीय कलेतील स्त्रीप्रतिमेविषयी लिहिताना एक सरळ रेषा ओढण्याची सवय मराठी समीक्षेला जडलेली आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली सापडलेली शिरोहीन मृण्मय स्त्रीमूर्ती, सांचीच्या तोरणावरील शालभंजिका, दिदारगंजची चामरधारिणी यक्षी, अजिंठ्याच्या भिंतींवरील राण्या आणि दासी, आणि त्यांच्या पाठोपाठ रविवर्म्याची शकुंतला व अवनींद्रनाथांची भारतमाता अशी मालिका मांडली जाते. या सर्वांतून एकच सनातन स्त्रीतत्त्व प्रकट होते, असा निष्कर्ष काढला जातो. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात दैवतकथा, नामे आणि उपासनाविधी यांचे धागे एकेक करून तपासले आणि मगच सातत्याविषयी विधाने केली. त्यांच्या नंतरच्या पुष्कळशा लेखनात विधाने राहिली, तपासणी मात्र गळून गेली.

या मालिकेतील पहिली अडचण कालानुक्रमाची आहे. इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. दिदारगंजची यक्षी पाटण्याजवळ गंगेच्या काठी १९१७ मध्ये सापडली. म्हणजे आधुनिक भारतीय कलेतील स्त्रीप्रतिमा ज्या दोन दशकांत प्रामुख्याने घडली, त्या १८९० ते १९१० या काळात मालिकेतील हे दोन महत्त्वाचे दुवे कोणत्याही कलावंताच्या डोळ्यांसमोर असणे शक्य नव्हते. त्यामुळे हे सातत्य निर्मितीच्या प्रक्रियेतील आहे असे मानता येत नाही. ते नंतरच्या अभ्यासकाच्या दृष्टीतील आहे. प्रतीक चिरस्थायी असते हे मान्य केले, तरी ते कशामुळे टिकते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी एखादे प्रतीक नेमके कोणत्या क्षणी, कोणत्या साधनांनी आणि कशाला वगळून घडले, हे पाहावे लागते. गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही अशा तपासणीसाठी विशेष सोयीची कृती आहे. तिच्या घडणीचा काळ ज्ञात आहे, तिचे स्वागतही ज्ञात आहे आणि ज्या समाजात ती घडली त्या समाजातील स्त्रियांविषयीची मराठी संहिताही विपुल उपलब्ध आहे.

हे शिल्प १८९६ च्या सुमाराचे. म्हात्रे तेव्हा मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील, विशीच्या उंबरठ्यावरचे विद्यार्थी होते. प्लास्टरमध्ये केलेली ही आकृती एका मराठी युवतीची आहे. ती नऊवारी लुगडे नेसलेली आहे, पूजेसाठी देवळाकडे निघालेली आहे. तिची चाल संथ आहे. शरीराचा भार एका पायावर येऊन कटिप्रदेशाला किंचित वळण मिळाले आहे. लुगड्याच्या चुण्या शरीर झाकतात आणि त्याच वेळी त्याची घडण सांगतात. वस्त्रातून शरीर सुचवण्याची ही रीत ग्रीक-रोमन शिल्पांची आहे आणि ती म्हात्र्यांनी कोठून घेतली हे शोधावे लागत नाही; अशा शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून रेखन करणे हा कलाशाळेतील शिक्षणाचा पायाच होता. लक्षणीय गोष्ट अशी, की याच शाळेत दुसरा आदर्शही उपलब्ध होता. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या आणि त्यांवरील ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्येच लंडनमध्ये प्रसिद्ध होत होता. अजिंठ्याची स्त्री हाताशी असताना म्हात्र्यांची स्त्री वळली ती अथेन्सकडे. तिला भारतीयत्व आले ते शैलीतून नव्हे; ते वस्त्रातून आणि विषयातून आले. लुगडे आणि देऊळ या दोन खुणा काढून घेतल्या, तर ही आकृती युरोपातील कोणत्याही कलाशाळेत शोभली असती. यात म्हात्र्यांच्या कौशल्याला उणेपणा येत नाही. परंतु प्रतीकाचे भारतीयत्व किती थोड्या चिन्हांवर उभे राहू शकते, हे त्यावरून ध्यानी येते.

शिल्पाच्या नावाकडेही पाहायला हवे. इंग्रजीत त्याला ‘टू द टेंपल’ म्हटले गेले, म्हणजे केवळ दिशा सांगितली गेली. चालणारी कोण, हे नावात नाहीच. मराठीत जो समास रूढ झाला त्यात ती ‘गामिनी’ म्हणून येते, पण हे नाव क्रियेवरून पडलेले आहे. संस्कृत काव्यातील अभिसारिका, प्रोषितभर्तृका या नायिकाभेदांची नावेही अशीच अवस्थेवरून पडलेली आहेत. ‘मंदिरपथगामिनी’ या शब्दाने एका मराठी मुलीला नायिकाभेदाच्या शिस्तीत बसवले आणि शृंगाराच्या जागी भक्ती आणली.

शिल्पाचे कौतुक झाले ते दोन परस्परविरोधी गोटांतून. जॉर्ज बर्डवुड यांनी लंडनमध्ये त्याची प्रशंसा केली. बर्डवुड मुंबईला परके नव्हते. ते येथे वैद्यकीय सेवेत होते आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. याच बर्डवुडनी भारतीय कारागिरीवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात, ललित कला या अर्थाने चित्र आणि शिल्प भारतात अस्तित्वातच नाहीत, असा निर्वाळा दिला होता. पुढे १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांच्या व्याख्यानानंतर बोलताना त्यांनी जावातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगच्या गोळ्याशी केली; त्यावर उठलेल्या वादळातून त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. बुद्धमूर्ती ज्यांना गोळा वाटली त्यांना म्हात्र्यांची युवती कलाकृती वाटली, यात विसंगती नाही. युवतीच्या शरीरात त्यांना परिचित शरीरशास्त्र दिसत होते, परिचित प्रमाण दिसत होते. दुसरीकडे बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनीही याच शिल्पावर लेख लिहून ते गौरवले, आणि एका तरुण भारतीय हाताला हे साधले याचा आनंद त्या गौरवात होता. साम्राज्याचा अधिकारी आणि उदयोन्मुख राष्ट्रवादाचा कवी, दोघांनाही एकाच स्त्रीमूर्तीत आपापले मत सापडावे, ही गोष्ट प्रतीकाच्या स्वरूपाविषयी बरेच काही सांगून जाते. ती स्त्री स्वतः काहीच म्हणत नसल्यामुळे हे शक्य झाले.

याच वर्षी, याच शहरात आणखी एका स्त्रीमूर्तीचे भाग्य उजळले, किंवा अधिक अचूक सांगायचे तर काळवंडले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या देणगीतून मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून मुंबईत उभा होता. १८९६ च्या ऑक्टोबरात त्याला डांबर फासले गेले, गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. दामोदर चापेकरांनी पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात हे कृत्य आपले असल्याची नोंद केली. राणीच्या पुतळ्याला विटंबनेचा मान मिळाला, कारण तो एका नाव असलेल्या, सत्ता असलेल्या व्यक्तीचा होता. ‘मंदिरपथगामिनी’वर कोणी रागावणे संभवतच नव्हते. म्हात्र्यांना स्वतःला पुढे दोन्ही प्रकारची कामे करावी लागली. अहमदाबादचा व्हिक्टोरियाचा पुतळा त्यांचाच. नाव असलेल्या स्त्रीचा पुतळा उभारायचा तर ती परक्या देशाची सम्राज्ञी असावी लागे, आणि देशी स्त्री घडवायची तर ती अनामिक असावी लागे, अशी ही त्या काळातील विभागणी होती.

आता प्रश्न असा, की १८९० च्या दशकात मुंबई-पुण्यात देवळाच्या वाटेवर नित्यनेमाने चालणारी स्त्री प्रत्यक्षात कोण होती? सणावारी, हळदीकुंकवाला, नवसाला सुवासिनी देवळात जात असत, हे खरे. परंतु रोज पहाटे देवदर्शनाला, काकडआरतीला, पुराणाला आणि कीर्तनाला जाणारी स्त्री ही पुष्कळदा आलवण नेसलेली, केशवपन केलेली विधवा होती. घरात तिच्या वाट्याला कष्ट होते आणि घराबाहेर पडण्याचे मान्यताप्राप्त निमित्त देऊळ हेच होते. उच्चवर्णीय वस्तीतील ‘मंदिरपथगामिनी’ या शब्दाचा सर्वांत यथार्थ अर्थ तीच होती. शिल्पाने तिला निवडले नाही. शिल्पातील स्त्रीला तारुण्य आहे, केस आहेत, अलंकार आहेत. भक्तीचे प्रतीक म्हणून ज्या शरीराची निवड झाली, ते भक्तीवाचून दुसरा आधार नसलेल्या स्त्रीचे नाही.

हा मुद्दा नंतरच्या काळाची संवेदना मागे नेऊन लादलेला आहे असा आक्षेप कोणी घेईल. पण त्या काळाची मराठी संहिताच तो आक्षेप खोडून काढते. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका तरुण विधवेवरील खटल्याचे निमित्त तिच्यामागे होते. रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत गाजला आणि नवऱ्याकडे नांदायला जाण्याऐवजी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवणारी ही तरुणी वृत्तपत्रांतून स्वतः लिहीत होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली ती १८९६ मध्ये, म्हणजे शिल्पाच्याच सुमारास. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः येत होती. यमूच्या आत्मनिवेदनाचा शेवट वैधव्य, सक्तीचे केशवपन आणि मृत्यू यांत होतो. म्हात्र्यांच्या पिढीचा वाचक ही कादंबरी वाचत होता आणि तोच वर्ग बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांविषयीच्या बातम्याही वाचत होता. तेव्हा विधवेचे शरीर त्या काळाला ‘दिसत नव्हते’ असे म्हणण्याला जागा नाही. ते भाषेत दिसत होते. माती, प्लास्टर आणि रंग यांत दिसत नव्हते.

याचे समर्थन लेसिंगच्या ‘लाओकोऑन’मधील (१७६६) विवेचनाचा आधार घेऊन करता येईल. काव्याचे माध्यम कालक्रमात उलगडते, शिल्पाचे माध्यम अवकाशात असते. म्हणून शिल्पकाराने असा एक क्षण निवडावा जो पाहणाऱ्याला सहन होईल आणि त्याच्या कल्पनेला वाव ठेवील. यमूची कहाणी कादंबरीत शक्य आहे, कारण केस जाण्याआधी केस असण्याचा काळ वाचकाने तिच्याबरोबर घालवलेला असतो. शिल्पातील मुंडित स्त्रीला हा पूर्वकाल उपलब्ध नाही. युक्तिवाद देखणा आहे, पण अपुरा आहे. रोदँने १८८० च्या दशकातच ‘शिरस्त्राणकाराची एकेकाळची सुंदर पत्नी’ या शिल्पात सुरकुतलेले, ओघळलेले वृद्ध शरीर घडवले होते आणि त्यातील गतकाल पाहणाऱ्याला कोणी सांगावा लागत नाही. तेव्हा मर्यादा माध्यमाची नाही. ती प्रतीकाच्या गरजेची आहे. ज्या समाजाला आपल्या परंपरेचे प्रशस्तिपत्र हवे होते, आणि ते परक्या परीक्षकाकडून हवे होते, त्याला परंपरेची किंमत मोजणारे शरीर पुढे करता येत नव्हते.

रविवर्म्याच्या बाबतीत हीच प्रक्रिया अधिक मोठ्या प्रमाणावर आणि व्यापारी तत्त्वावर घडली. सयाजीरावांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे (१८९०), १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील भारतीय स्त्रियांची दहा चित्रे, आणि त्यानंतर १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला शिळाछापखाना, हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. त्याची पुनरावृत्ती येथे नको. एकच चित्र या संदर्भात पुरेसे आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील गायिका-वादिकांच्या समूहचित्रात (१८८९) अकरा स्त्रिया वेगवेगळ्या प्रांतांच्या आणि जमातींच्या वेषांत एकत्र बसल्या आहेत. भिन्न वस्त्रे, भिन्न वाद्ये. चेहरे मात्र बहिणींसारखे. देशाची विविधता स्त्रियांच्या पोषाखावरून मोजायची आणि एकता त्यांच्या चेहऱ्यावरून सिद्ध करायची, ही कल्पना पुढे किती दिनदर्शिकांनी आणि किती चित्ररथांनी वापरली, त्याची गणती नाही. रविवर्म्याचे बंधू राजा राज वर्मा यांच्या दैनंदिनीत मुंबईत चित्रकारापुढे बसण्यासाठी येणाऱ्या स्त्रियांचे उल्लेख आहेत. त्या मोबदला घेऊन येत, बसत आणि जात. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत राहत.

रविवर्म्यावर पुढच्या पिढीने जी टीका केली, तीही स्त्रीप्रतिमेच्याच भूमीवर. भगिनी निवेदितांना जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला अशोभनीय वाटली. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांना त्याच्या देवता रंगभूमीवरील नट्या वाटल्या. या टीकेत शैलीचा विचार होता, तसाच शालीनतेचाही होता, आणि पुष्कळदा दोहोंची गल्लत होती. राष्ट्राची प्रतिमा व्हायची तर शकुंतलेने नीट बसायला हवे होते. ही अपेक्षा पूर्ण झाली ती अवनींद्रनाथांच्या १९०५ च्या चित्रात. वंगभंगाच्या आंदोलनात, आरंभी वंगमाता म्हणून कल्पिलेली ही चतुर्भुजा भारतमाता झाली. तिच्या चार हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. मस्तकामागे प्रभावलय, पायांशी कमळे. शस्त्र नाही, वाहन नाही, पती नाही, मूलही नाही. वेष संन्यासिनीचा आहे. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’मधील (१८८२) मातृरूपांत जो ताप होता तो येथे निवला आहे. हे चित्र सहस्रावधी प्रतींत देशभर पोचावे अशी निवेदितांची इच्छा होती. म्हात्र्यांच्या युवतीला निदान चालण्याची क्रिया होती, देवळाची वाट होती. भारतमाता कोठेही जात नाही, कारण ती स्वतःच गंतव्य झाली आहे. पुढे वाराणसीला शिवप्रसाद गुप्त यांनी बांधवलेले आणि १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले भारतमातेचे मंदिर उभे राहिले, तेव्हा त्याच्या गाभ्यात स्त्रीमूर्तीच नव्हती. संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा होता. व्यक्तीतून नमुना, नमुन्यातून प्रतीक, आणि प्रतीकातून अखेर भूगोल. सांप्रदायिक तंटा टाळण्याच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा होता. स्त्रीप्रतिमेच्या इतिहासात मात्र त्याचा अर्थ वेगळा लागतो.

म्हात्र्यांच्या शिल्पाने एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि तिच्याकडे त्याच्या प्रशंसकांचे लक्ष गेले नाही. देवळाची वाट मोकळी आहे, चालणारी पोचणारच, हे ते गृहीतक. तिच्या संथ गतीतील सौंदर्याचा निम्मा भाग या खात्रीतून येतो. जिला अडवले जाण्याचे भय आहे ती अशी चालत नाही. ही वाट सर्व स्त्रियांसाठी मोकळी नव्हती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद ठेवण्यात आले. तो लढा पुढे काही वर्षे रेंगाळत चालला. त्या बंद दरवाज्यांसमोर बसलेल्यांत स्त्रिया होत्या. तुकड्या करून, मुलाबाळांसह आलेल्या. देवळाकडे निघालेली मराठी स्त्री म्हणजे कोण, या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर, आणि हेही प्लास्टरमध्ये किंवा संगमरवरात आलेले नाही.

हे उत्तर शब्दांत आले, तेही उशिरा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गावोगावी जाऊन गाठले, त्यांच्याशी बोलून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील निवेदनांत देऊळ येते ते बंद दार म्हणून, पोलीस म्हणून, बरोबर नेलेल्या भाकरीची चिंता म्हणून. सांगणारी आपले नाव, माहेर, सासर सांगते. कोणाबरोबर गेलो, कोठे अडवले गेलो, हे सांगते. तिच्या आठवणींत लुगडेही आहे, पण त्याच्या चुण्यांवरून शरीराची घडण वाचायला तेथे कोणी बसलेले नाही. कलेतील स्त्रीप्रतिमेचा विचार करणाऱ्या मराठी समीक्षेने म्हात्र्यांचे शिल्प आणि हा ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून अद्याप वाचलेले नाहीत. दोहोंत सुमारे त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. वाट तीच आहे.